एकादशी, वाटूर आणि अंतराळ

परवा वाटूरला घरी गेलो तर नेमकी एकादशी. आजीने शुगरची गोळी घेतलीच नव्हती. गोळी घ्यायची तर पोटात काहीतरी हवं, आणि तिचा उपास निर्जळी!

वाद नको म्हणून मी सुनीता विल्यम्सचा विषय काढला. २००६ मध्ये ती अंतराळ स्थानकावर गणपतीची मूर्ती आणि भगवद्गीता घेऊन गेली होती. आजीने शांतपणे विचारलं, "वर एकादशी कशी कळती रे?"

प्रश्न भारी आहे. सूर्योदयाला जी तिथी तीच त्या दिवसाची. आणि स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, म्हणजे दिवसाला साधारण १६ सूर्योदय. धरायचा कुठला?

मलेशियाचा शेख मुझफ्फर शुकोर ऑक्टोबर २००७ मध्ये, ऐन रमजानमध्ये वर गेला. तिथल्या धर्मपंडितांनी आधीच बसून नियम ठरवले होते. नमाजाच्या वेळा जिथून उड्डाण झालं त्या बैकोनूरच्या. तोंड काबाकडे, ते जमेना तर पृथ्वीकडे, तेही नाही तर कुठेही. रोजे परत आल्यावर धरले तरी चालतील.

मला हे जाम आवडलं. माणसाची अडचण बघून सूट दिली, आणि तीही लेखी. आजाऱ्याला उपास माफ असं आपल्याकडेही म्हणतातच की, पण ती माफी घेतली की श्रद्धा कमी पडल्यासारखं का वाटतं? डॉक्टरांचं सांगून झालंय. आता एखाद्या कीर्तनकारानेच सांगायला हवं.

आजीला हे सगळं ऐकवलं. म्हणाली, "तो परवासात होता. मी तं घरीच हाये."