लेन्सचा हिशेब

पुतण्याच्या सराफी पेढीस नथीची छायाचित्रे हवी होती. दुकानदाराने दोन लेन्सचा महागडा संच दाखविला. मी जमाखर्च उलटा मांडला: कॅमेरा वापरलेला, निकॉन डी३५००, पैसा लेन्सवर. सोबतच्या १८-५५ लेन्सने नथ संवेदकावर फार तर ०.३८ पट उमटते, ४० मि.मी. मायक्रोने पूर्ण आकारात.

या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, हे मात्र ध्यानी असावे. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळते, पण फोकस हातानेच जुळवावा लागतो. दागिन्यास ते चालते. मधमाशी तेवढी थांबत नाही!

पूर्ण आकारासाठी मायक्रो इतकी जवळ न्यावी लागते, की तिचीच सावली नथीवर पडते. पहिली वीस छायाचित्रे त्यातच वाया गेली. उरलेल्या पैशांत तिपाई आणि बाजूस ठेवण्याचा दिवा घेतला.