बैलाचे तोंड पाहता, घरच्यांचे कधी पाहणार?



पौषात म्हशाच्या जत्रेला तुमच्यापैकी बरेच जण जातात. मुरबाड तालुक्यातल्या या जत्रेत बैल घेताना आपण काय करतो ते आठवा. आधी नाकावर हात फिरवतो. नाक ओले आणि गार असेल तर जनावर ठणठणीत. मग जबडा उघडून दात पाहतो, दोन दाती, चार दाती की जुळलेला. जीभ पाहतो. शेवटी पाठीवरून, पोटाखालून हात फिरवून कातडीवर चट्टा, खरूज, गोचीड आहे का ते बघतो. एवढे झाल्यावरच पैशाची गोष्ट.

आता मला सांगा, तुमच्या आईचे तोंड तुम्ही शेवटचे कधी पाहिले?

हा प्रश्न आधी मलाच विचारला गेला होता. गेली तीस वर्षे मी भाताच्या पानावरचे ठिपके पाहत आलो. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी आणि दोन्ही टोकांना निमुळता ठिपका दिसला की करपा, हे मी बांधावरून सांगतो. पण माझी थोरली बहीण बेलवलीला दिलेली. ती रोज सकाळी मिशरी लावायची. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा किती महिने होता, ते मला कळले नाही. तिखट झोंबते म्हणून ती आमटी बाजूला सारी, आणि आम्ही म्हणायचो, वय झाले. दुखरा दात काढायला गेली तेव्हा डॉक्टरांनी चट्टा पाहिला. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. गालाचा आतला भाग काढावा लागला. ती वाचली, पण भाकरी कुस्करून खावी लागते. तिथल्या सिस्टरने मला विचारले, "काका, घरात कोणीच यांचे तोंड बघितले नव्हते का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच सिस्टरने मला तपासायची रीत समजावून दिली. ती तुम्हाला सांगतो. याला यंत्र लागत नाही. हात साबणाने धुवा आणि माणसाला दिवसाच्या उजेडात ओसरीवर बसवा. पिवळ्या दिव्याखाली कातडीचा रंग कळत नाही.

पहिले नाक. एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने श्वास घ्यायला लावा, मग उलट. दोन्हीकडून वारा सारखा येतो का? लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत चिंचोका, हरभरा किंवा मणी अडकला असेल. आकड्याने कोरू नका, तो आणखी आत जातो. दवाखान्यात न्या. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी गेली असेल तर एक तासही दवडू नका. घोळणा फुटला तर डोके मागे टाकू नका. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटे न सोडता चिमटीत धरा.

नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. भुवईच्या आतल्या टोकाखालचे हाड आणि नाकाच्या दोन्ही बाजूंचे गालाचे हाड अंगठ्याने हलके दाबा. डोळ्यावर दाब नको. दाबल्यावर दुखते, वाकल्यावर डोके जड होते आणि सर्दी १० दिवसांवर गेली, तर डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज आली किंवा ताप चढला तर त्याच दिवशी.

आता तोंड. कवळी असेल तर काढा, चूळ भरायला लावा. ओठ, हिरड्या, दोन्ही गालांची आतली बाजू, टाळू आणि जीभ क्रमाने पाहा. तुडतुडा शोधताना आपण चूड बाजूला सारून बुंध्याशी बघतो ना? तसे जिभेच्या कडा आणि जिभेखाली पाहायला विसरू नका. रोग तिथेच लपतो. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नका. दुखत नाही म्हणून सोडू नका. सुरुवातीला ते दुखतच नाही. माणसाची स्वतःची तीन बोटे उभी त्याच्या तोंडात जात नसतील, तर सुपारीने गाल आखडत चालला आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीवर बंदी घरच्यांनीच घालायची.

शेवटी कातडी. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने पाहावी. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात कुष्ठरोग अजून सापडतो. फिकट किंवा लालसर चट्टा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही. डोळे मिटायला सांगा, कापसाच्या वातीचे टोक आधी चांगल्या कातडीला, मग चट्ट्याला लावा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावर कळत नसेल तर सरळ आरोग्य केंद्रात जा. सुई टोचून किंवा चटका देऊन पाहू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते आणि रोग बरा होतो. लवकर सुरू केले तर बोटे वाकडी होत नाहीत. अशा माणसाचे ताट-वाटी वेगळे करू नका.

लावणीच्या दिवसांत पायांच्या भेगा आणि जखमाही पाहा. जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी या भागात कसे पसरले ते तुम्हाला माहीत आहे. अशा पाण्या-चिखलात वावरल्यावर ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळे लाल झाले तर लेप्टोचा संशय घ्या. दवाखान्यात जा आणि पाण्यात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

हे सगळे माणशी १० मिनिटांचे काम आहे. निदान आपल्याला करायचे नाही. करपा कोणता हे तुम्ही मला विचारता, तसा चट्टा कसला हे डॉक्टरांना विचारायचे. कुठे जायचे ते आशाताई सांगतील. आपले काम पाहण्याचे.

बेलवली आता बदलापूर शहरात आली, पण बहिणीच्या घराची ओसरी तशीच आहे. दर अमावास्येला ती तिथे बसून सुना-नातवंडांची तोंडे तपासते. मिशरीचा डबा तिने स्वतःच उकिरड्यावर टाकला. जांभळांच्या दिवसांत मात्र ती पोरांना आधी दोनदा चूळ भरायला लावते, कारण तेव्हा घरात सगळ्यांच्याच जिभा जांभळ्या असतात.

येत्या अमावास्येला तुम्हीही बसा.