सील पेढीचे, जबाबदारीही पेढीची

रावेर-यावल पट्ट्यातील केळी पॅकहाउसमध्ये धुऊन, खोक्यांत भरून शीतकंटेनरमध्ये चढतात. आत १३ ते १४ अंश तापमान राखलेले असते. जून २०२१ मध्ये तांदलवाडीची भौगोलिक मानांकनप्राप्त सुमारे २० टन केळी दुबईस रवाना झाली, तेव्हा खानदेशाच्या व्यापाराला नवी दिशा मिळाली. धुळे-नाशिक मार्गे उरणजवळील न्हावाशेवा बंदर गाठणाऱ्या अशा मालाची खरी परीक्षा मात्र बंदरावर होते.

२०१७ पासून निर्यातदाराने स्वतः बंद केलेल्या कंटेनरसाठी इलेक्ट्रॉनिक सीलची पद्धत आली. सीलचा क्रमांक, वाहनाचा क्रमांक आणि सील लावल्याची तारीख-वेळ सीमाशुल्क विभागाकडे नोंदविली जाते. बंदरावर यंत्र सील वाचून ती नोंद ताडून पाहते. सील अखंड असेल आणि नोंद जुळली, तर माल सहसा न उघडता पुढे जातो. जोखमीच्या निकषांवर निवडलेला कंटेनर क्ष-किरण स्कॅनरमधून नेला जातो. चित्र आणि कागद यांचा मेळ बसला नाही, की दार उघडते, शीतसाखळी तुटते आणि नाशवंत मालाला प्रत्येक तास महाग पडतो.

ही कठोरता अकारण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावाशेवा येथे आयात झालेल्या हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे ५० किलो कोकेन पकडले. फळांची खोकी आड म्हणून वापरली जातात, हे त्यातून उघड झाले. एकाच्या लबाडीने साऱ्याच फळव्यापाराकडे संशयाने पाहिले जाते.

म्हणून दक्षता पेढीच्या दारातूनच सुरू व्हावी. माल भरण्यापूर्वी रिकाम्या कंटेनरच्या भिंती, तळ, छत, दारे आणि खालची बाजू पाहावी. सील लावताना घरचा जबाबदार माणूस उभा असावा. सर्वांत मोठा मोह मात्र नात्याचा असतो. ‘एकच कंटेनर तुमच्या नावावर जाऊ द्या’ असे मेहुण्याने किंवा जुन्या दलालाने म्हटले, की नकार देणे जड जाते. पण आयात-निर्यात संकेतांक ज्याचा, चौकशीची पहिली नोटीसही त्याच्याच दारी येते. आतला माल आपण पाहिला नव्हता, हे सांगून सुटका होत नाही.

आजोबांनी उधारीच्या वहीत जपलेली पत नातवाने आज सीलच्या क्रमांकात जपायची आहे. नकाराने नाते काही दिवस रुसेल. गेलेली पत मात्र पिढ्यान्‌पिढ्या परत येत नाही.