गर्भारशीचं ताट

घरात गोड बातमी आली की हल्ली नाव घालायला दवाखान्यात जाण्याआधी गर्भसंस्काराच्या क्लासची चौकशी होते. कितव्या महिन्यात कोणता श्लोक, कोणता राग, भिंतीवर कोणाचं चित्र, सगळं ठरलेलं. फी भरली की तेजस्वी संततीचं आश्वासन. क्लासवाल्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. माणसाचं पुढचं आरोग्य आणि बुद्धी आईच्या पोटातच आकार घेते, असं आता विज्ञानच म्हणतं. मग अभिमन्यूच्या गोष्टीत आपल्या पूर्वजांनी वेगळं काय सांगितलं?

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात 1911 पासून नर्सबाया घरोघर जाऊन बाळांची वजनं करत आणि वहीत टिपून ठेवत. त्या वह्या पुढे डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती लागल्या. जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांची वजनं कमी होती, त्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त निघाले. 1989 साली हे प्रसिद्ध झालं, आणि साठीतल्या दुखण्याचं मूळ पाळण्यातही शोधावं लागतं हे वैद्यकाला मान्य करावं लागलं.

याचा आपल्याकडचा धडा तर पुण्याजवळच्या सहा गावांत गिरवला गेला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली तिथल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या बायांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. बाळं सुमारे 2.7 किलोची; इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण गंमत पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र फारशी घटलेली नाही. दिसायला हडकुळं, आतून चरबीदार. चाळिशीत ‘अंगानं बारीक आहे, तरी शुगर निघाली कशी?’ असा प्रश्न आपल्याला पडतो, त्याच्या उत्तराचा एक धागा इथे आहे.

आता क्लासवाल्यांनी कान देऊन ऐकावं. बाळाच्या वाढीशी नातं दिसलं ते कशाचं? पालेभाजी, दूध आणि फळं यांचं. आणि उलट बाजूनं, आईच्या अंगमेहनतीचं: जिला शेतात आणि पाण्याला जास्त राबावं लागलं, तिचं बाळ लहान. सहा वर्षांनी त्याच मुलांची तपासणी झाली, तेव्हा ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक आढळलं. फोलेटच्या गोळ्या बंद करा, असा याचा अर्थ नव्हे. गोळीबरोबर ताटाकडेही बघा, एवढाच. शाकाहारी ताटात बी-12 येतं ते दूध-दह्यातून. आणि खेड्यात दूध सकाळी डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. मेथीच्या जुड्या बांधून बाजारात जातात. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जी जेवायला बसते, तिच्या वाट्याला भाकरी आणि पातेल्याच्या तळाचं कालवण. तिच्या पोटातल्या जिवाला भूप राग ऐकवून काय होणार? शेवटच्या महिन्यांत गर्भाला ऐकू येतं, जन्मल्यावर बाळ आईचा आवाज ओळखतं, हे मान्य. पण आवाज ओळखणं म्हणजे बुद्धी वाढणं नव्हे.

दुसरा पक्ष कट्ट्यावर भेटतो. ‘आमची आजी काय खात होती? दहा बाळंतपणं झाली, शेतात राबली, तरी नव्वद वर्षं जगली.’ आजीलाच विचारलं असतं, तर दहातली किती हाती लागली हे तिनं बोटांवर मोजून सांगितलं असतं. जे जगले त्यांचे दाखले देता येतात. पन्नाशीत अर्धांगानं गेलेल्या चुलत आजीचा दाखला कोणी देत नाही.

तिसरा पक्ष निराशेचा. पाया कच्चाच असेल, तर आता साठीत चालून-फिरून काय मिळवायचं? याचं उत्तर स्कॉटलंडमध्ये आहे. 1 जून 1932 रोजी तिथं 1921 साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या मुलांची, म्हणजे 87,000हून अधिक जणांची, बुद्धिचाचणी झाली होती. संशोधक इयन डीअरी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काहींना ऐंशीच्या घरात गाठून तीच चाचणी पुन्हा सोडवायला लावली. म्हातारपणी माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला साधारण निम्मा अकराव्या वर्षीच दिसत होता. निम्मा! म्हणजे उरलेला निम्मा नंतरच्या आयुष्याचा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं 2024 साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली. त्यांत लहानपणी कमी शिकणं आहे, तसंच ऐकू न येणं, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणही आहे. तेव्हा सत्तरीतल्या वडिलांना कानाचं मशीन घेऊन देणं हा वायफळ खर्च नाही.

शाळेचा मुद्दा मात्र आपल्याला जास्त झोंबायला हवा. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांहून अधिक. धाकट्या भावाला सांभाळायला शाळेऐवजी घरी ठेवलेली मुलगी आज पंचाहत्तरीची आहे. गॅसवर दूध ठेवून विसरते, म्हणून घरचे तिच्यावर चिडतात.

म्हणून माझं म्हणणं असं: पाया घडतो हे खरं, पण तो घडतो दूध, भाजी, विसावा आणि शाळा यांनी, आणि यातलं काहीच एकट्या आईच्या हातात नसतं. अभिमन्यूची गोष्ट नीट आठवा. सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोराला चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची वाट कळली नाही. आपण हजारो वर्षं दोष देत आलो तो तिच्या झोपेला. गर्भसंस्काराचा क्लास तेच करतो: मूल हुशार निघालं तर श्रेय क्लासचं, नाही निघालं तर आईचं मन लागलं नसेल.

2015 पासून राज्याच्या आदिवासी भागात अंगणवाडीतून गर्भवतीला एक वेळचं चौरस जेवण मिळतं. हा खरा गर्भसंस्कार. तो ऊसतोडीच्या फडावर पोचत नाही. तिथली सुभद्रा सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. तिचा डोळा लागून एखादा दिवस बुडालाच, तर मुकादम खाडा मांडतो.