लॉग वाचायचा तर पूर्ण वाचा!

धाराशिवकडच्या गप्पांत हवामानाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं. "हवामान काय, कायमच बदलत आलंय. बहात्तरला नव्हता का पडला दुष्काळ?" झालं, विषय संपला!

नाही राव, संपला नाही. हवामान लाखो वर्षं बदलत आलंय हे आपल्याला सांगितलं कुणी? त्यात मोठा वाटा ध्रुवावरच्या बर्फाचा. अंटार्क्टिकात बर्फ थरावर थर साचतो, दाबाने घट्ट होतो आणि त्या काळच्या हवेचे बुडबुडे आत कोंडले जातात. ड्रिल मारून या बर्फाचे लांब दंडगोल बाहेर काढतात. बुडबुड्यांतून तेव्हाचा कार्बन डायऑक्साइड कळतो. बर्फातल्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून तापमानाचा अंदाज येतो. थोडक्यात, निसर्गाची लॉग फाईल. एडिटचा अ‍ॅक्सेस कुणालाच नाही! हे फार लांबचं वाटत असेल तर गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथे उणे २० अंशांत असा बर्फ जपून ठेवतात.

आता लॉगमधल्या सोयीच्या दोन ओळी दाखवायच्या आणि बाकी लपवायचं, हे चालणार नाही. अंटार्क्टिकातल्या 'डोम सी' इथल्या बर्फात ८ लाख वर्षांची नोंद आहे. हिमयुगं आली आणि गेली, पण कार्बन डायऑक्साइड हवेच्या दर दहा लाख भागांत साधारण १७० ते ३०० भाग एवढाच राहिला. आज तो ४२० च्या पुढे आहे, आणि ही वाढ मुख्यतः गेल्या दोनेकशे वर्षांतली. यात 'नेहमीचं' काय आहे ते दाखवा.

पण दुसऱ्या पार्टीने टाळ्या वाजवू नयेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात परंड्याचा पाऊस लिहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पूर आला, तो निव्वळ कार्बनने आणला असं हा बर्फ सांगत नाही. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र. पण पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात ऊस फोफावला तो काही भौतिकशास्त्रामुळे नाही. "हवामान बदललं, आम्ही काय करणार?" म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी बर्फाआड लपू नये.

आणि बहात्तर आठवायचंच ना? मग हेही आठवा. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजनेने आकार घेतला, १९७७ ला तिचा कायदा झाला. "दुष्काळ काय, पडतोच" म्हणून गप्प बसलेल्यांनी तो केला नव्हता.