मुदत संपल्यावरची शिक्षा

न्यायासनाने ठोठावलेल्या शिक्षेस निदान मुदत असते. ती भोगून बाहेर पडलेल्या स्त्रीस समाज जी दुसरी शिक्षा फर्मावतो, तिला मुदत नाही, अपील नाही आणि माफीही नाही. पुरुष सुटून आला तर आई दृष्ट काढते, बायको पान वाढते. चार महिन्यांत शेजारीपाजारीही विसरतात. स्त्री सुटली तर सासर म्हणते, 'ती आम्हांस मेली'. माहेर म्हणते, 'धाकटीचे लग्न व्हावयाचे आहे'. हा न्याय कोणत्या संहितेत लिहिला आहे?

2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती. त्यांत स्त्रिया सुमारे 24 हजार, म्हणजे शंभरांत चार. एकंदर बंदिजनांपैकी शंभरांत सुमारे पंचाहत्तर जण कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. पुढे निर्दोष सुटलेल्या बाईलाही गाव 'तुरुंगातून आलेली' म्हणूनच ओळखते. मग आमचा राग गुन्ह्यावर आहे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या निर्णयानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तुरुंगात आईजवळ राहू शकते. पुढे ते नातेवाइकांकडे वा संस्थेत जाते. सुटल्यावर आई त्यास परत मागू लागली की पहिला प्रश्न येतो: बाई, राहता कोठे आणि कमावता किती? घर नाही म्हणून मूल नाही. पत्ता नाही म्हणून कागद नाहीत. कागद नाहीत म्हणून काम नाही. आणि काम नाही म्हणून घर नाही. या चक्रात आमची मंडळे तिला एक शिवणयंत्र भेट देतात आणि छायाचित्र काढून घेतात. ते यंत्र तिने ठेवावे कोठे?

हा विचार नवा नाही. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने 1954 साली सुटकेनंतरच्या सांभाळाचा प्रश्न एका समितीकडे सोपविला. तिचे अध्यक्ष मा. स. गोरे हे आपल्या हुबळीतच जन्मलेले. 2001-02 मध्ये सुरू झालेल्या 'स्वाधार' योजनेत आप्तांचा आधार नसलेल्या सुटका झालेल्या स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख होता. तीच योजना पुढे 'शक्ती सदना'त विलीन झाली. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून या क्षेत्रात आहे. सुटलेल्या माणसांना तो सेवाभावी संस्थांत उमेदवारीस बसवितो व त्या काळात विद्यावेतन देतो. त्यामुळे कामाची सवय लागते आणि शब्द टाकणारे कोणीतरी मिळते. वाट ठाऊक आहे; चालावयाची इच्छा नाही.

धारवाडलगत बेलूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखानदारांनी भरतीच्या वेळी भूतकाळाच्या चौकशीबरोबर उमेदवाराच्या हातांचे कसबही पाहावे. 'निष्पाप मुली बेकार असता गुन्हेगार बाईस नोकरी कशाला?' असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, निष्पाप मुलींच्या बेकारीचा दोष या बाईचा नव्हे. शिवाय प्रामाणिक रोजगाराची दारे लावून घेणारा समाज तिला पुन्हा त्याच माणसांच्या हाती ढकलतो, ज्यांच्या पायी ती कित्येकदा तुरुंगात गेली. कोणी तिजोरीच्या किल्ल्या मागत नाही. सुटे भाग निवडावयाचे, माल बांधावयाचा, उपाहारगृहात पोळ्या लाटावयाच्या, एवढेच काम आणि त्याचा पुरता पगार.

हुबळी-धारवाडच्या मराठी व कोंकणी महिलामंडळांपाशीही एक मागणे आहे. हळदीकुंकवाच्या खर्चातून वर्षाकाठी एका खोलीचे भाडे भरा आणि पहिले सहा महिने त्या स्त्रीस तुमचा पत्ता लिहू द्या. त्या पत्त्यावर तिचे कागद निघतील, कागदांवर काम मिळेल आणि कामाच्या बळावर ती आपले मूल परत मागू शकेल. यास जर आमची प्रतिष्ठा आड येत असेल, तर तिला शिक्षा देणारे आम्हीच आहोत, हे तरी उघडपणे मान्य करावे.