शोधनिबंधांची यादी आणि मृत्यूंची वही

प्राध्यापकांच्या खोलीत एक प्रश्न वारंवार कानी पडतो : "यंदा तुमचे किती पेपर छापून आले?" नेमणूक, बढती, मानमरातब, सारे त्या आकड्याशी बांधले गेले आहे. हा हिशेब मीही ठेवतो. परंतु कर्करोग व मृत्युमान यांवर काम करणाऱ्या संशोधकाची निबंधांची यादी पाहिली की मला तिच्यामागची दुसरी यादी आठवते. ती गावोगावच्या मृत्यूंच्या वहीत असते.

माझी आत्या निपाणीच्या एका वखारीत तंबाखू चाळीत असे. तिच्या मानेत गाठी आल्या, संध्याकाळी ताप येऊ लागला, अंग झडले. गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू झाली. लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, वरवर पाहता क्षयासारखाच वाटू शकतो, हे मला पुढे वाचनातून कळले. बावन्नाव्या वर्षी ती गेली. कचेरीत कारकुनाने विचारले, "कशानं गेल्या म्हणायच्या?" वडील म्हणाले, "वय झालं होतं." तसेच लिहिले गेले. तिला लिम्फोमाच होता असे मी म्हणत नाही. तो तंबाखूने झाला असेही म्हणत नाही. आता ते कोणालाच कळणार नाही, हेच माझे दुःख आहे.

युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने १९५८ साली आफ्रिकी मुलांच्या जबड्यातील गाठींवर निबंध लिहिला. तेवढ्यावर तो थांबला नाही. दूरदूरच्या इस्पितळांना त्याने पत्रे धाडली आणि १९६१ साली मोटारीने सुमारे दहा हजार मैल हिंडून हा रोग कोठे होतो व कोठे होत नाही, याची नोंद केली. त्याने पाठविलेल्या गाठींच्या नमुन्यांतूनच १९६४ साली लंडनमध्ये एपस्टीन-बार विषाणू सापडला. एका लिम्फोमाचा माग असा लागला, तो खेड्यापाड्यांतील विचारपुशीमुळे.

इतके दूर कशाला जा? सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोगनोंदणी सुरू झाली. तेथील डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. ज्या गटाची विषाणूचाचणी एकदाच झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आले. यादीत हा निबंध एकच ओळ व्यापतो!

त्याच नियतकालिकात २००८ साली प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांचा धूम्रपानावरील निबंध आला. देशभरातील अकरा लाख घरांतील मृत्यूंची चौकशी करून त्यांनी दाखविले की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, तर स्त्रीचे आठ वर्षांनी घटते. तंबाखूवर पोट भरणाऱ्या आपल्या भागाने हे आकडे विसरू नयेत.

आपली अडचण आणखी निराळी. १९६९च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. आपला रोगी कधी बेळगावला जातो, कधी कोल्हापूर-मिरजेला. एकाच गल्लीतले दोन मृत्यू दोन राज्यांच्या वह्यांत, दोन लिप्यांत पडतात. सीमेचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. पण मृत्यूच्या कारणाला सीमा नसते. वही मराठी असो की कन्नड, तीत खरे कारण यावे.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. २०२३च्या दुरुस्तीप्रमाणे इस्पितळाने मृत्यूच्या कारणाचा दाखला नातेवाइकांनाही विनामूल्य द्यावयाचा आहे. तो मागून घ्या. घरी मृत्यू झाला, तर ताप, गाठी, खोकला, जे दिसले ते नोंदीच्या वेळी सांगा. "वय झालं" म्हणून मोकळे होऊ नका. आणि आम्हा प्राध्यापकांनी एखाद्याला "किती पेपर?" असे विचारण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : त्यांत कोणाची माणसे मोजली गेली आणि कोणाची राहून गेली?